जुनं काय आहे, कार्ड की फिगर?

प्रश्न: मला जुन्या धाटणीच्या सुपरहिरो अ‍ॅक्शन फिगर्स जमवायला सुरुवात करायची आहे. पावणेचार इंची, सहा इंची, आठ इंची असे इतके प्रकार आहेत की गोंधळून जायला होतं. सुरुवात कुठून करू? फिगर कार्डातून, म्हणजे ज्या छापील पुठ्ठ्यावर ती पारदर्शक प्लास्टिकच्या बबलमध्ये विकली जाते त्यातून, काढावी की तशीच ठेवावी? पुढे किंमत वाढते का? आणि मुळात जेमतेम पाच-सात सांधे असलेल्या ताठ फिगरसाठी लोक एवढे पैसे का मोजतात?

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर डोक्यात बसलं की बाकीचे निम्मे सुटतात.

जुन्या फिगर्सचं जे रूप आज आपल्याला गोड वाटतं, ते बहुतांशी काटकसरीतून आलेलं आहे. १९६६ साली आयडियल कंपनीने कॅप्टन अ‍ॅक्शन काढला. बारा इंची एकच गडी, आणि त्याला चढवायचे सुपरमॅन, बॅटमॅन, कॅप्टन अमेरिका वगैरेंचे पोशाख आणि मुखवटे वेगळे विकत घ्यायचे. १९७२ पासून मेगो कंपनीने साधारण तीच युक्ती आठ इंचांत आणली: शरीर तेच, डोकं आणि कपडे बदलले की नवा हिरो तयार. धातूचा साचा ही या धंद्यातली सगळ्यात खर्चिक गोष्ट. एका शरीराच्या साच्यावर पात्रांची अख्खी फौज उभी राहत असेल तर दुसरा साचा कोण कशाला करेल? म्हणूनच मेगोचे बहुतेक नायक एकाच तालमीत घडल्यासारखे दिसतात. कापडी पोशाख, पाठीमागे टिचबटणं, हातात घातल्यावर स्वयंपाकघरातल्या भांडी धरायच्या मोज्यांसारखे दिसणारे बॅटमॅनचे ते निळे हातमोजे, हे सगळं त्या हिशेबातूनच आलं.

मेगोची आणखी एक गंमत म्हणजे डीसी आणि मार्व्हल या दोन्ही कॉमिक्स कंपन्यांच्या पात्रांचे हक्क तिच्याकडे होते. बॅटमॅन आणि स्पायडरमॅन एकाच मापात, एकाच फळीवर, शेजारी शेजारी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मेगोचं दिवाळं निघालं आणि हे सुख संपलं. १९८४ मध्ये डीसीची पात्रं केनर या खेळणी कंपनीकडे गेली, मार्व्हलची मॅटेलकडे, आणि तिथून जुन्या फिगर्सचे दोन वेगळे स्वभाव तयार झाले. तुम्हाला कोणता आवडतो हे लवकर ओळखा, कारण आजच्या बहुतेक रेट्रो, म्हणजे जुन्या धाटणीच्या नव्या मालिका या दोन किंवा मेगो, अशा तीन घराण्यांपैकी एकाची नक्कल करतात.

केनरची सुपर पॉवर्स ही माझ्या मते आजवरची सर्वांत विचारपूर्वक केलेली सुपरहिरो मालिका. १९८४ ते १९८६ या तीन वर्षांत ३३ फिगर्स, आणि टपालाने मागवायचा क्लार्क केंट धरून ३४. प्रत्येकीत एक करामत होती. सुपरमॅनचे पाय दाबले की तो ठोसा मारतो. फ्लॅशचं उलटं, त्याचे हात दाबले की पाय पळतात. वंडर वुमनचे पाय दाबले की गोळ्या परतवायला तिचे हात पुढे येतात. चित्रं आणि घडण यांच्यामागे चित्रकार होसे लुईस गार्सिया-लोपेझ यांनी डीसीसाठी केलेली नमुनाचित्रं होती. त्यामुळे सगळी पात्रं एकाच हाताने काढल्यासारखी वाटतात. दुसऱ्या वर्षी खलनायक डार्कसाइड आणि त्याची टोळी आली तेव्हा केनरच्या कामासाठी कॉमिक्स-चित्रकार जॅक कर्बी यांनी स्वतःच निर्माण केलेल्या पात्रांची रूपं नव्याने रेखाटली, आणि त्याचा मोबदलाही त्यांना मिळाला. ज्यांच्या पात्रांवर दोन कंपन्या उभ्या राहिल्या त्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट किती दुर्मीळ आहे, हे कॉमिक्स वाचणाऱ्यांना सांगायला नको.

मॅटेलचा मामला वेगळा. डीसीचे हक्क हातून गेल्यावर तिने मार्व्हलकडे मोर्चा वळवला आणि खेळण्यांना धरून एक मोठी कथा मागितली. लहान मुलांना 'सीक्रेट' आणि 'वॉर्स' हे दोन शब्द भावतात असं मॅटेलच्या पाहणीत दिसलं, म्हणून कथेचं नाव 'सीक्रेट वॉर्स' ठेवलं, असं मार्व्हलचे तेव्हाचे मुख्य संपादक जिम शूटर यांनी नंतर सांगितलं आहे. फिगर्सची शरीरं पुष्कळशी सामायिक, सांधे मोजके. प्रत्येकाला एक ढाल, तिच्यात हलवल्यावर बदलणारं चित्र. डॉक्टर डूमला ढाल कशाला हवी, असं विचारू नका. तरीही या मालिकेवर जीव लावणारे लोक आहेत आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. त्या ओबडधोबडपणात एक मोकळेपणा आहे जो केनरच्या नेटक्या कामात नाही.

आता आजच्या बाजाराकडे येऊ. 'रेट्रो' असा शिक्का मारून जे विकलं जातं त्यात जुनेपणा वेगवेगळ्या ठिकाणी असतो. विकत घेण्याआधी स्वतःला एकच विचारा: या वस्तूत जुनं नेमकं काय आहे?

काहींमध्ये फक्त कार्ड जुनं असतं. हॅस्ब्रोच्या मार्व्हल लेजंड्समधल्या सहा इंची रेट्रो फिगर्स हे याचं ठळक उदाहरण. कार्डावर टॉय बिझच्या १९९०च्या दशकातल्या मालिकांची रंगसंगती आणि मांडणी, पण बबलच्या आत अगदी आजचं, कोपर-गुडघ्यात दुहेरी सांधे असलेलं शरीर. एक्स-मेनच्या जुन्या कार्टून मालिकेवरच्या फिगर्स तर व्हिडिओ कॅसेटच्या खोक्यासारख्या वेष्टनात आल्या. छानच दिसतात. पण अशी फिगर कार्डातून काढली की हातात उरते ती एक चांगली आधुनिक फिगर. जुनेपणा कचऱ्याच्या डब्यात जातो.

काहींमध्ये घडणच जुनी असते. डीसीचे हक्क घेतल्यानंतर मॅकफार्लेन टॉइजने २०२२ मध्ये सुपर पॉवर्स हे नाव पुन्हा सुरू केलं: साधारण साडेचार इंच, मूळ फिगर्ससारखेच सात सांधे, कापडी केप, तोच पिवळ्या-लाल झळाळीचा थाट. पाय दाबल्यावर होणारी करामत मात्र नाही, आणि ज्यांनी मूळ फिगर्स हाताळल्या आहेत त्यांना ती उणीव लगेच जाणवते. त्याची भरपाई दुसऱ्या बाजूने होते: १९८६ नंतर मालिका चालू राहिली असती तर कोण कोण आलं असतं, त्या पात्रांची रांगच या नव्या मालिकेने लावली.

न घडलेल्या भूतकाळाचा हा खेळ मला या छंदातला सर्वांत रंजक भाग वाटतो. २०१३ साली सुपरसेव्हन आणि फन्को यांनी रिअ‍ॅक्शन नावाने ज्या फिगर्स आणल्या, त्यांची सुरुवात 'एलियन' या भयपटापासून झाली. केनरने १९७९च्या सुमारास त्या चित्रपटाच्या छोट्या फिगर्स करायला घेतल्या होत्या आणि बाजारात न आणताच सोडून दिल्या होत्या. तीन दशकांहून अधिक काळाने त्या कार्डावर लटकल्या. हॅस्ब्रोची मार्व्हलची पावणेचार इंची रेट्रो मालिकाही अशीच. त्या कार्डांची ढब केनरची, पण केनरने मार्व्हलच्या सुपरहिरोंची अशी मालिका त्या काळी काढलीच नव्हती. १९९१ मध्ये हॅस्ब्रोने टोंका कंपनी विकत घेतली, तिच्याबरोबर केनरही आली, आणि म्हणून हे कल्पनेतलं लग्न लावणं हॅस्ब्रोला शक्य झालं.

तिसरा प्रकार म्हणजे साहित्यच जुनं: कापडी पोशाख, आठ इंची शरीर. फिगर्स टॉय कंपनीने मेगोच्या डीसी पात्रांची पुनर्निर्मिती करताना मेगोने कधी न केलेली पात्रंही भरीला घातली. मॅटेलने २०१० मध्ये रेट्रो-अ‍ॅक्शन नावाची आठ इंची डीसी मालिका काढली, ती लवकर थांबली, पण तिच्या पोशाखांचं शिवणकाम आजही पाहण्यासारखं आहे. खुद्द मेगो हे नाव २०१८ मध्ये मार्टी अब्राम्स यांनीच बाजारात परत आणलं. १९७०च्या दशकात कंपनी चालवणारे तेच. आणि विक्षिप्तपणाची हौस असेल तर जेंटल जायंटने सुपर पॉवर्स आणि सीक्रेट वॉर्समधल्या छोट्या फिगर्स जशाच्या तशा बारा इंचांपर्यंत मोठ्या करून विकल्या होत्या. मूळ फिगरवरची प्रत्येक साधी रेघ त्यात ठसठशीत दिसते. मला त्या आवडतात. का आवडतात ते समजावून सांगता येत नाही.

सुरुवात कुठून करायची, हे तुम्हाला फिगरचं काय करायचं आहे त्यावर ठरतं. जागा कमी असेल आणि पात्रं खूप हवी असतील तर साडेचार किंवा पावणेचार इंच. कपडे बदलणं, शिवणं, दुरुस्त करणं यात रस असेल तर आठ इंच, आणि मग मागे वळून पाहू नका. सहा इंची रेट्रो फक्त तेव्हाच घ्या जेव्हा एकतर कार्ड भिंतीवर लावायचं आहे किंवा ती विशिष्ट फिगर तशीही हवी होती. दोन मापं एकाच फळीवर मिसळू नका, एवढं मात्र माझं ऐका. सहा इंची हल्कशेजारी पावणेचार इंची थॉर उभा केला की दोघांचीही शान जाते. आणि सुरुवातीला पूर्ण मालिकेचा संकल्प करू नका. एका संघाचा करा, किंवा एका खलनायकाच्या सगळ्या आवृत्त्यांचा. पूर्ण मालिकेच्या नादात शेवटी न आवडणाऱ्या चार फिगर्ससाठी सर्वांत जास्त पैसे जातात, कारण ज्या कुणालाच आवडल्या नव्हत्या त्याच कमी विकल्या गेलेल्या असतात.

उघडायची का? वरचा हिशेब लावा. जुनेपणा कार्डात असेल तर कार्ड राखण्यात अर्थ आहे. जुनेपणा घडणीत किंवा कापडात असेल तर ती फिगर हाताळण्यासाठीच केलेली आहे. न उघडता ठेवली तर निम्मी गंमत तुम्ही पैसे देऊन बंद करून ठेवली. कार्ड जपूनही उघडता येतं. बबलच्या खालच्या कडेला धारदार पातं प्लास्टिकच्या अंगाने, कार्डाला समांतर चालवा, एक बाजू बिजागरासारखी जोडलेली राहू द्या. घाईने ओढलंत तर कार्डाचा वरचा छापील थर बबलबरोबर निघून येतो आणि तो परत चिकटवता येत नाही.

किंमत वाढण्याच्या आशेवर मात्र एकही फिगर घेऊ नका. १९८०च्या दशकातल्या न उघडलेल्या फिगर्स महाग का आहेत? कारण त्या मुलांसाठी होत्या आणि मुलांनी त्या उघडल्या, मातीत पुरल्या, हात मोडले, केप हरवल्या. न उघडलेलं जे उरलं ते चुकून उरलं. आजच्या रेट्रो फिगर्स मोठी माणसं विकत घेतात आणि त्यांतली बरीचशी माणसं त्या जपून ठेवतात. सगळ्यांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? शिवाय साचा कंपनीकडेच असतो. मागणी दिसली की तीच फिगर थोड्या वेगळ्या रंगात किंवा नव्या कार्डावर परत येते. एकाच दुकानसाखळीत मिळणाऱ्या फिगर्सचा गाजावाजा होतो तेव्हा भाव चढतात, आणि काही महिन्यांनी उरलेला माल सवलतीत जातो. थांबण्याची तयारी हे या छंदातलं सर्वांत स्वस्त हत्यार आहे.

रेट्रो जमवता जमवता मूळ फिगर्सची ओढ लागते, ती टाळता येत नाही, तेव्हा त्याबद्दलही लिहितो. सुट्या मूळ फिगर्समध्ये खरा पैसा फिगरला नसून केप, ढाली अशा सुट्या जोडवस्तूंना असतो. सीक्रेट वॉर्सच्या वुल्व्हरिनची नखं काढता येत, म्हणजेच हरवतही असत. त्यांतही काळ्या नखांचा वुल्व्हरिन चंदेरी नखांच्या मानाने कमी सापडतो. त्याच मालिकेतले आइसमॅन, इलेक्ट्रो आणि कन्स्ट्रिक्टर अमेरिकेत विकलेच गेले नाहीत, फक्त युरोपात आले, त्यामुळे त्यांच्यासाठी झुंबड असते. सुपर पॉवर्समध्ये तिसऱ्या वर्षीच्या फिगर्स कमी निघाल्या आणि त्यांतला सायबॉर्ग सगळ्यांच्या यादीत वर असतो. त्याच्या अंगावरचा आरशासारखा धातूचा मुलामा इतका नाजूक असतो की नुसत्या हाताळण्याने उडतो. झळाळी अखंड असलेला सायबॉर्ग दिसला तर आधी शंका घ्या, मग आनंद. अर्जेंटिनात पासिपा या कंपनीने केनरच्या ग्रीन लँटर्नच्याच साच्यातून रिडलर काढला होता. तो मूळ आहे असं सांगून कुणी स्वस्तात विकत असेल तर तिथून निघून जा.

नकली जोडवस्तूंचा सुळसुळाट आहे. प्रामाणिक विक्रेते 'रिप्रो', म्हणजे नव्याने केलेली नक्कल, असं लिहून विकतात आणि फळीवरची फिगर पूर्ण दिसावी म्हणून रिप्रो घेण्यात कमीपणा काहीच नाही. मूळच्या भावाने घेणं वाईट. केपचं कापड, विणीची दाटी, कडा कापलेली की दुमडलेली, गळ्याजवळच्या क्लिपचं प्लास्टिक, हे खात्रीच्या मूळ केपच्या फोटोशी ताडून पाहा. फिगरच्या पाठीवर किंवा पायावर कोरलेलं वर्ष स्वामित्वहक्काचं असतं, ती फिगर त्याच वर्षी तयार झाली असं नव्हे. मेगोच्या बाबतीत शरीर, डोकं आणि पोशाख एकाच काळातले आहेत का हे तपासायला हवं, कारण सगळं अदलाबदल होण्यासारखं असल्यामुळे पन्नास वर्षांत खिचडी झालेली असते. अगदी सुरुवातीच्या बॅटमॅन आणि रॉबिनचे मुखवटे काढता येत असत. तसा अस्सल बॅटमॅन फार मोलाचा आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर.

दर्जा ठरवून सीलबंद डबीत घालून देणाऱ्या संस्था आहेत. फार महागाची मूळ फिगर विकताना त्यांचा उपयोग होतो. आजच्या रेट्रो फिगरवर तो खर्च करणं मला पटत नाही.

आता देखभाल. याबद्दल सांगावं तेवढं थोडं, कारण संग्रह चोरांपेक्षा रसायनांमुळे जास्त खराब होतात. फिगर्सचे मऊ भाग बहुधा पीव्हीसीचे असतात. ते मऊ राहावेत म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं आणि वर्षानुवर्षांत ते पृष्ठभागावर पाझरतं. फिगर चिकट लागते ती त्यामुळे. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, नीट वाळवणं, एवढ्याने काम होतं. काही वर्षांनी ते पुन्हा करावं लागेल. बंद बबलमध्ये हवा खेळत नाही म्हणून न उघडलेल्या फिगर्सही चिकट होतात, किंबहुना जास्तच. मऊ पीव्हीसी कडक प्लास्टिकला महिनोन्महिने टेकून राहिलं तर तिथे वितळल्यासारखा डाग पडतो. म्हणून फिगर्स एकमेकींवर रचून ठेवू नका, आणि पिशव्या घ्यायच्याच तर पॉलिथिनच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या, मऊ व्हिनाइलच्या नकोत.

पिवळेपणा हा उन्हाचा आणि जुन्या प्लास्टिकमधल्या द्रव्यांचा मिळून होणारा उद्योग. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून प्रकाशात ठेवण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण तिने रंग ठिपक्याठिपक्यांत उतरू शकतो, प्लास्टिक ठिसूळ होऊ शकतं आणि पिवळेपणा परतही येतो. रंगवलेल्या भागावर ती कधीच करू नका. फळीवर थेट ऊन येणार नाही एवढं पाहिलंत तर तिची गरजच पडत नाही.

कापडी फिगर्सचे शत्रू वेगळे. टिचबटणं गंजतात आणि गंजाचा डाग कापडात उतरतो; दमट हवेत कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळच्या वेळी बदला. जुन्या मेगोचे मऊ प्लास्टिकचे हातमोजे चिरतात किंवा चिकट होऊन हाताला धरतात, ते काढायला जाऊन फाडू नका. शरीर आतून रबराच्या दोरीने ताणून धरलेलं असतं. फिगर ढिली पडून लोंबकळायला लागली तर घाबरायचं कारण नाही. दोरी कुजलेली असते, नवी घालता येते आणि शिकायला हे सर्वांत सोपं काम आहे. एखादी निकामी, स्वस्तातली फिगर घेऊन त्यावर हात बसवा.

सांधा अडकला असेल तर जोर लावू नका, मोडेल. गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा, प्लास्टिक सैल होतं, मग हळूच फिरवा. वंगण लागलंच तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब. खनिज तेलाचे फवारे प्लास्टिक खातात. नव्या फिगरचे पाय बबलमध्ये दाबून वाकडे झाले असतील तर हाच उपाय: गरम पाण्यात मऊ करायचे, सरळ धरायचे आणि लगेच थंड पाण्यात बुडवायचे. सुपर पॉवर्सच्या मूळ फिगर्सना मात्र पाण्यात पूर्ण बुडवू नका. त्यांच्या आत यंत्रणा आहे, पाणी शिरलं की बाहेर यायला फार वेळ लागतो. त्यांच्यासाठी केस वाळवायच्या यंत्राची मंद ऊब पुरते.